विंधन विहीर पुरी केव्हा होते?

विद्यार्थी मित्रहो, गावात विंधन विहिरीची गाडी आली की तुम्ही दप्तरासकट तिकडे धावता. यंत्राची धडधड, राखी रंगाची धूळ आणि एकाएकी उसळणारे पाणी! पाणी लागले की नारळ फुटतो. नाही लागले तर मालक कपाळाला हात लावतो आणि गाडी पुढच्या गावाला जाते. दोन्ही वेळा काम संपले असेच सर्वांना वाटते. माझ्या मते विहिरीचे तोंड नीट बंद होईपर्यंत ते संपलेले नसते.

प्रथम तेथे राबणाऱ्या कामगारांकडे पाहा. दाबाखालची हवा खाली सोडून हातोडा चालवला जातो. नळीचा व्यास ५ सेंटिमीटर असेल, तर तिच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस सेंटिमीटर भरते. दर चौरस सेंटिमीटरला १५ किलोग्रॅम दाब धरला, तर तेथे ३०० किलोग्रॅम वजनाइतका रेटा असतो. अशी नळी निसटली तर चाबकासारखी फिरते, म्हणून ती साखळीने बांधलीच पाहिजे. ग्रॅनाइटसारख्या खडकाच्या धुळीतील सिलिका वर्षानुवर्षे फुप्फुसात साचली, तर सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग जडतो. हवेबरोबर थोडे पाणी सोडले की धूळ दबते. डोक्यावर शिरस्त्राण, नाकावर धूळ रोखणारा मुखवटा आणि कानांत बोळे या चैनीच्या वस्तू नव्हेत. आणि तुम्ही बघे मंडळींनी दूरच उभे राहावे, हे वेगळे सांगायला नको.

आता पाण्याचा विचार करू. पावसाचे पाणी माती-मुरुमातून हळूहळू झिरपते आणि वाटेत पुष्कळसे गाळले जाते. उघडे तोंड म्हणजे ही गाळणी चुकवणारी आडवाट. कोरड्या ६० मीटर खोल भोकात वरून पडलेली वस्तू साडेतीन सेकंदांत तळ गाठते! म्हणून वरच्या भुसभुशीत थरातून कठीण खडकापर्यंत केसिंग पाइप उतरवून त्याच्या भोवतीची फट सिमेंटने बुजवावी लागते. नाहीतर गोठ्यातली घाण सरळ सगळ्या गावाच्या पाण्यात उतरते.

कोरड्या विहिरीची गोष्ट याहून गंभीर आहे. जुलै २००६ मध्ये हरियाणातील कुरुक्षेत्र जिल्ह्यात पाच वर्षांचा मुलगा अशा भोकात पडला. सुमारे दोन दिवसांनी, शेजारच्या विहिरीतून बोगदा खणून सैनिकांनी त्याला जिवंत बाहेर काढले. पुढे अनेक मुले इतकी सुदैवी ठरली नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०१० रोजी स्पष्ट निर्देश दिले: काम चालू असता कुंपण व सूचनाफलक हवा, पाइपाच्या तोंडावर पक्के झाकण व भोवती सिमेंटचा ओटा हवा, आणि सोडून दिलेली विहीर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरलेली हवी.

मग हे होत का नाही? पैसे फुटावर मोजले जातात. भोक पाडण्याचा दर ठरतो, बुजवण्याचा ठरत नाही. आधीच नुकसान सोसलेल्या शेतकऱ्याने आणखी खर्च कोठून करावा, असे कोणी म्हणेल. पण हिशेब तर करा! १५ सेंटिमीटर व्यासाचे, ६० मीटर खोल भोक भरायला जेमतेम एक घनमीटर भराव लागतो. तो ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत मावेल, आणि त्यातली बरीचशी भुकटी त्याच भोकातून निघून शेजारी पडलेली असते. म्हणून ठरावातच बुजवण्याचे काम घालावे आणि तोंड बंद झाल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा.

तुमच्या शिवारात अशी उघडी तोंडे किती आहेत? जवळ न जाता वडीलधाऱ्यांना विचारा, गुरुजींच्या मदतीने यादी करा आणि ती ग्रामपंचायतीत द्या. एका ट्रॉलीभर मातीने एक जीव वाचत असेल, तर ती टाकायला उशीर कशाला?