अभंगातला 'मी'

आज थोडं कडू लिहितो आहे, सांभाळून घ्या.

मागच्या उन्हाळ्यात करवीर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या उत्तरकार्याला गेलो होतो. माणूस माळकरी, हरिपाठ कधी चुकला नाही; पण पंढरीची पायी वारी त्याला जन्मात घडली नाही. दोन एकर ऊस, तीन म्हशी, अंथरुणाला खिळलेली आई. पहाटेची धार काढायला दुसरं कोण होतं? म्हणून दर आषाढीला तो कोल्हापूरच्या दिंडीबरोबर नंदवाळला जाई, पुईखडीचं रिंगण डोळे भरून बघी, विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवी आणि संध्याकाळच्या धारेला घरी परते.

प्रवचनाला बसलेल्या महाराजांनी तुकोबांचा पश्चात्तापाचा एक अभंग घेतला. त्यातलं एकच चरण उचललं आणि प्रपंचाच्या चिखलात नरदेह कसा वाया जातो, हे तासभर ऐकवलं. समोर त्या माणसाचा मुलगा मान खाली घालून बसला होता. पंगत उठल्यावर मला म्हणाला, "काका, मी धारा काढल्या असत्या तर आबा पंढरीला गेले असते. माझ्यामुळंच त्यांचा जन्म वाया गेला का?"

हा प्रश्न अभंगातून निघालेला नाही, माउली. अर्थ सांगणाऱ्यानं तो पोराच्या गळ्यात बांधला.

पश्चात्ताप सांगताना तुकोबा बहुधा 'मी' म्हणतात. चुकलो मी, फसलं ते माझं मन. महाराजांनी त्या 'मी'च्या जागी दुसऱ्याचं नाव घातलं, तेही उत्तर द्यायला न उरलेल्या माणसाचं. लोकांना फटकारणारे अभंग गाथेत आहेतच, नाहीत असं मी म्हणत नाही. पण ती फटकार जिवंत माणसानं ऐकून बदलावं म्हणून आहे. मेलेल्याचा हिशेब मांडायला नाही.

आणि तुकोबांनी स्वतः काय केलं? १६३० च्या दुष्काळात पहिली बायको गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं. क्षणभंगुरता त्यांना पोथीतून कळलेली नव्हती. मग परंपरा सांगते की सावकारीच्या खतांची वाटणी झाली, अर्धी धाकट्या कान्होबांना दिली आणि स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. म्हणजे 'सगळं नश्वर आहे' हे पटल्यावर पहिल्यांदा सुटले ते कुळांचे गळे. घर सुटलं नाही. जिजाबाई होत्या, मुलंबाळं होती. त्यांचेच चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. ज्या वारीचा दाखला देऊन त्या शेतकऱ्याचा जन्म फुकट ठरवला, ती पालखी तुकोबांच्या प्रपंचातूनच निघालेली आहे.

नश्वरता कळल्यावर पुढं काय करायचं, हे कविता प्रत्येकाला एकच सांगत नाही. राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या माधव जूलियनांनी १९२९ साली उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या. तिथंही देह क्षणाचाच. पण कुणी त्यातून प्याला उचलतो, कुणाला त्या प्याल्यात ईश्वरप्रेम दिसतं. आमचे महाराज त्याच क्षणभंगुरतेवरून घराला पाठ फिरवायला सांगतात. (बिदागी मात्र घरधन्याकडूनच घेतात, तो भाग वेगळा.)

तुम्ही म्हणाल, वारी चुकली तर हळहळ नको का वाटायला? वाटू दे की! त्या माणसालाही वाटत होती, दर आषाढीला पालख्या निघाल्या की तो दोन दिवस गप्प असे. पण हळहळ वेगळी आणि दोष वेगळा. अरणच्या सावता महाराजांनी मळा सोडला नाही, पंढरीला गेले नाहीत, असंच आपण पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनात ऐकतो. आजही पांडुरंगाची पालखी पंढरपुराहून अरणला त्यांच्या भेटीला जाते. सावतोबांच्या भाजीला जो मान, तो करवीरच्या उसाला आणि आजारी आईच्या अंथरुणाला का नाही? की संत व्हायला सातशे वर्षं जुनं असावं लागतं?

त्या पोराला मी सावतोबांची गोष्ट सांगितली आणि आबांचे टाळ कुठं आहेत विचारलं. खुंटीला आहेत म्हणाला. यंदा आषाढीला तो ते घेऊन नंदवाळला येणार आहे, धार काढून. महाराजांनीही यावं. पुईखडीला रिंगणात आम्ही त्यांना जागा करून देऊ, आणि मग त्यांनी तोच अभंग ध्रुपदापासून मुद्रेपर्यंत सबंध म्हणून दाखवावा.