वायकिकीत मुक्काम महागला: पर्यटकांकडून ‘ग्रीन फी’ का घेतली जातेय?

होनोलुलू ही अमेरिकेतल्या हवाई राज्याची राजधानी. ओआहू बेटावरच्या या शहराचा सगळ्यात गजबजलेला भाग म्हणजे वायकिकी. समोर पॅसिफिक महासागर आणि किनाऱ्याला लागून उंच हॉटेलांची रांग. १ जानेवारी २०२६ पासून इथे राहणाऱ्या पर्यटकांच्या बिलात ‘ग्रीन फी’ची भर पडली आहे.

रक्कम तशी किरकोळ आहे. पण लाखो लोकांच्या सुट्टीचा बेटावर पडणारा भार कुणी उचलायचा, हा त्यामागचा प्रश्न मोठा आहे.

बिल नेमकं किती वाढलं?

राज्याचा निवास कर १०.२५ टक्क्यांवरून ११ टक्के झाला. होनोलुलूचा ३ टक्के कर वेगळा. शिवाय सुमारे ४.७ टक्के सर्वसाधारण अबकारी कर. सगळं मिळून जवळपास १८.७ टक्के.

समजा, खोलीचं भाडं रात्रीला ३०० डॉलर आहे. ग्रीन फीमुळे वाढले फक्त सव्वादोन डॉलर. एकूण कर मात्र ५६ डॉलरच्या घरात जातो. बरीच हॉटेलं ‘रिसॉर्ट फी’ही घेतात. मे २०२५ पासून अमेरिकेत अशी सक्तीची फी जाहिरातीतल्या दरातच दाखवावी लागते. सरकारी कर मात्र नंतर जोडता येतात. त्यामुळे बुकिंग करताना शेवटचा आकडा पाहिलेला बरा.

ही फी आली कुठून?

पर्यटकांकडून पर्यावरणासाठी पैसे घेण्याची चर्चा हवाईत बरीच वर्षं सुरू होती. ऑगस्ट २०२३ मध्ये माउई बेटावरचं लाहायना शहर वणव्यात खाक झालं, १०० हून अधिक जणांचा जीव गेला. त्यानंतर या मागणीला जोर आला. मे २०२५ मध्ये गव्हर्नर जॉश ग्रीन यांनी कायद्यावर सही केली. यातून वर्षाला सुमारे १० कोटी डॉलर मिळतील, असा राज्याचा अंदाज आहे. क्रूझ प्रवाशांकडूनही हा कर घ्यायचा होता, पण अपील न्यायालयाने त्याला तात्पुरती स्थगिती दिली.

वायकिकीला पैसा का लागतो?

कारण हा किनारा आपला आपण टिकत नाही. १०० वर्षांपूर्वी इथे पाणथळ जमीन होती. अळूची आणि भाताची शेती, मासे पाळायची तळी होती. १९२० च्या दशकात आला वाय कालवा खोदून ही जमीन कोरडी केली गेली. समुद्राला अगदी खेटून इमारती आल्या, त्यांच्या रक्षणासाठी भिंती आल्या. भिंतीवर आपटून परतणारी लाट वाळू ओढून नेते. म्हणून वाळू पुन्हा आणून टाकावी लागते. २०१२ आणि २०२१ मध्ये समुद्रतळातून वाळू उपसून इथे पसरली गेली. समुद्राची पातळी वाढतेय, तसा हा खर्चही थांबणारा नाही.

स्थानिकांचं काय?

हवाईतले किनारे सगळ्यांसाठी खुले आहेत, पण किनाऱ्याजवळ घर परवडणं कठीण झालंय. घरं पर्यटकांना भाड्याने जाऊ नयेत म्हणून होनोलुलूने २०२२ मध्ये किमान भाडेकराराची मुदत ३० वरून ९० दिवस केली. फेडरल न्यायालयाने ती अडवली. तरीही रिसॉर्ट भागाबाहेर, विशेष परवाना नसेल तर ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर देता येत नाही. ओआहूवरचे बहुतेक पर्यटक वायकिकीतच का एकवटतात, याचं हे एक कारण.

गर्दी आवरण्याचे इतर उपायही आहेत. हनौमा बे इथे बाहेरच्यांना २५ डॉलर मोजावे लागतात, स्थानिकांना प्रवेश मोफत. सोमवार-मंगळवार तो भाग बंद असतो. डायमंड हेडला बाहेरच्यांना आधी ऑनलाइन बुकिंग करावं लागतं.

खरी कसोटी कुठे?

ग्रीन फीचे पैसे राज्याच्या सर्वसाधारण निधीत जमा होतात. ते किनारे, जंगलं आणि वणवा प्रतिबंधावर खर्च करायचे, हा उद्देश कायद्यात आहे. पण कुठे किती द्यायचे हे दरवर्षी विधिमंडळच ठरवणार. बजेटमध्ये ओढाताण झाली की हा पैसा दुसरीकडे वळू शकतो.

सव्वादोन डॉलरसाठी कुणी हवाईची सुट्टी रद्द करणार नाही. त्या पैशांतून किनारा वाचतो की ते इतर खर्चात मुरतात, यावर मात्र इथे राहणाऱ्यांचं भवितव्य बरंचसं अवलंबून आहे.