करार लांबचा द्या, पण उपचारासकट

'पोरगं खेळतंय भारी, पण घेतंय.' आपल्या मुरुम-उमरगा भागात कबड्डी, खो-खोच्या मैदानाबाहेर हे वाक्य सर्रास कानावर येतं. आपल्याकडे तेवढ्यावर संघातून नाव कटतं, विषय संपतो. व्यावसायिक फुटबॉल क्लबला मात्र हिशेब मांडावा लागतो. दारूत अडकलेल्या गुणी खेळाडूला तीन-चार वर्षांचा करार द्यायचा का?

माझं मत: द्यायचा. पण डोळे झाकून नाही.

पॉल मॅकग्राचं उदाहरण घ्या. दुखरे गुडघे आणि दारू या दोन्हींना कंटाळून मँचेस्टर युनायटेडने १९८९ मध्ये त्याला ॲस्टन व्हिलाला विकलं. व्हिलाने त्याला सांभाळून घेतलं. तो तिथे सात वर्षं खेळला आणि १९९३ मध्ये इंग्लंडच्या व्यावसायिक खेळाडूंनी त्यालाच वर्षातला सर्वोत्तम निवडलं. 'संपला' म्हणून सोडलेला माणूस संपलेला नव्हता.

आता दुसरी बाजू. आर्सेनलचा कर्णधार टोनी ॲडम्स १९९० मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल तुरुंगात गेला. क्लबने त्याला सोडलं नाही, कर्णधारपदही ठेवलं. तरी त्याची दारू सुटली नाही. १९९६ मध्ये त्याने स्वतः व्यसन कबूल केलं आणि उपचार सुरू झाले. पुढे १९९८ आणि २००२ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली आर्सेनलने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. म्हणजे नुसता करार माणसाला वाचवत नाही. पगार चालू, उपचार बंद, असं असेल तर तो करार दारूवर घातलेलं पांघरूणच.

आपल्या विनोद कांबळीकडे बघा. १७ कसोटींत ५४ ची सरासरी. १९९५ नंतर त्याला कसोटी मिळाली नाही. त्यामागची कारणं काहीही असोत, तेव्हा वार्षिक करार नव्हते. संघाबाहेर गेलात की तुम्ही आणि तुमचं नशीब. २०२२ मध्ये त्याने मुलाखतीत सांगितलं, बीसीसीआयचं ३० हजारांचं पेन्शन हेच उत्पन्न आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कपिल देव आणि १९८३ च्या संघातले खेळाडू मदतीला पुढे आले. अट एकच: आधी व्यसनमुक्ती केंद्रात जा. अट बरोबरच होती, पण ती वयाच्या बावन्नाव्या वर्षी आली. हीच अट पंचविशीत, करारातच लिहिलेली असती तर?

यावर कुणी म्हणेल, 'जो रोज पहाटे उठून घाम गाळतो, त्याच्यावर हा अन्याय नाही का?' प्रश्न रास्त आहे. म्हणूनच जागा सरावातूनच मिळावी. पिऊन आला तर त्या दिवशी मैदान बंद. मूळ पगार चालू, पण उपचाराला हजर राहणं सक्तीचं. डॉक्टर निवड समितीच्या हाताखालचा नको, नाहीतर खेळाडू खरं बोलणारच नाही. आणि एकदा पाय घसरला म्हणून करार मोडू नये. लपवलं किंवा उपचार नाकारला, तर मोडावा. व्यसन हा आजार आहे. गुडघ्याचं लिगामेंट फाटलं तर क्लब सहा महिने थांबतोच ना?

आपल्या कॉलेजच्या संघात कुणाचे करार होत नाहीत. पण पुढच्या वेळी 'घेतंय' म्हणून एखाद्याचं नाव कापताना त्याला डॉक्टरकडे कोण घेऊन जाणार, हेही त्याच बैठकीत ठरवायला पैसे लागत नाहीत.