नेम साधतो तो मापाने

बंदुकीत दारू जितकी जास्त, तितकी गोळी वेगवान आणि तितकाच नेम पक्का, अशी समजूत सर्वसाधारणपणे आढळते. केवळ बंदुकीविषयीच नव्हे, तर सामर्थ्याविषयीची समाजाची एकूण धारणाच बहुधा अशी असते. जोर वाढवावा, म्हणजे यश आपोआप पदरात पडेल! ठासणीच्या बंदुकीचा इतिहास मात्र या समजुतीला छेद देतो. नेम साधतो तो जोराने नव्हे, तर मापाने. आणि ज्याने माप घेतले, ते लिहून ठेवले आणि पुढच्याच्या हाती दिले, त्याच्याकडेच शस्त्राचे खरे सामर्थ्य गेले, असे हा इतिहास सांगतो. खंडेनवमीला श्रद्धेने शस्त्रपूजन करणाऱ्या समाजाने हा धडा लक्षपूर्वक वाचण्याजोगा आहे.

एका वेळी एकच बदल

ठासणीच्या बंदुकीला तयार काडतूस नसते. नळीच्या तोंडातून मोजलेली दारू ओतायची, तेल वा चरबी लावलेल्या कापडाच्या चकतीत शिशाची गोळी बसवायची आणि गजाने ती दारूपर्यंत घट्ट ठासायची, ही तिची रीत. म्हणजे प्रत्येक बाराच्या वेळी बंदूकधारी स्वतःच काडतुसाचा कारखाना असतो. दारूचे प्रमाण, तिच्या कणांची जाडी, कापडाची जाडी, वंगण, गजाचा दाब, आधीच्या बारामुळे नळीत साचलेली काजळी, यांपैकी एक जरी गोष्ट बदलली तरी गोळी आपली जागा बदलते.

म्हणूनच पेचदार आट्यांच्या नळीची अशी बंदूक हाती आली की जाणकार नेमबाज प्रथम तिची परीक्षा घेतो. वाळूच्या पिशव्यांवर बंदूक स्थिर ठेवली जाते. नळीचा व्यास अर्धा इंच असेल, तर साधारण ५० ग्रेन, म्हणजे सुमारे सव्वातीन ग्रॅम काळ्या दारूपासून प्रारंभ होतो. त्याच प्रमाणावर पाच गोळ्या झाडायच्या, प्रत्येक बारानंतर नळी पुसायची आणि लक्ष्यावरील छिद्रे किती जागेत विखुरली ते मोजून वहीत लिहायचे. मग दारू ५ ग्रेनने वाढवायची आणि पुन्हा पाच गोळ्या. निर्मात्याने ठरवून दिलेली मर्यादा ओलांडायची नाही, आणि काळ्या दारूच्या जागी आधुनिक निर्धूर दारू तर कदापि वापरायची नाही, हे दोन नियम अनुल्लंघनीय असतात.

या वहीतून जे दिसते ते उद्बोधक आहे. दारू वाढत जाते तशी छिद्रे प्रथम एकमेकांच्या जवळ येतात. एका ठरावीक प्रमाणावर ती सर्वांत दाट असतात. आणि तिथून पुढे दारू वाढवली की धूर वाढतो, खांद्याला बसणारा धक्का वाढतो, पण गोळ्या मात्र पुन्हा विखुरू लागतात. जिथे विखुरणे सर्वांत कमी, तेच त्या बंदुकीचे योग्य प्रमाण. एकाच कारागिराच्या दोन बंदुकांचे प्रमाणही सारखे निघेलच असे नाही. या परीक्षेचे सूत्र एकच आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि उरलेल्या सर्व स्थिर ठेवायच्या. दोन गोष्टी एकदम बदलणाऱ्याला यश आले तरी ते कशामुळे आले, हे कळत नाही. आणि अपयश आले तर त्याचे खापर कशावरही फोडता येते.

कडलूरला संपलेला प्रवास

या सूत्राला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली ती बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. १७४२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या तोफशास्त्रविषयक ग्रंथात एका साध्या उपकरणाचे वर्णन आहे. सुमारे ५६ पौंड वजनाचा एक लंबक टांगायचा, त्याच्या लाकडी फळीवर गोळी झाडायची आणि लंबक किती मागे सरला ते फितीवर मोजायचे. गोळीचे वजन ठाऊक, लंबकाचे वजन ठाऊक. त्यावरून गोळीचा वेग गणिताने काढता येतो. पाऊण इंच व्यासाच्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे १,६०० ते १,७०० फूट भरला. डोळ्याला न दिसणारी गोष्ट प्रथमच विश्वसनीय आकड्यात पकडली गेली.

या एका आकड्याने जुन्या पोथ्या निकालात निघाल्या. हवेचा विरोध नगण्य मानला, तर इतक्या वेगाची गोळी १६-१७ मैल जायला हवी. प्रत्यक्षात ती अर्ध्या मैलाच्या आतबाहेरच पडत असे. हवेचा विरोध किती प्रचंड असतो, हे त्यातून सिद्ध झाले. गोळी वाट सोडून भरकटते ती तिला नळीत मिळालेल्या अनियमित फिरकीमुळे, हेही रॉबिन्सने दाखवून दिले. त्यासाठी त्याने नळीचे तोंड मुद्दाम डावीकडे वाकवले. गोळी आरंभी डावीकडे गेली आणि पुढे हवेतच वळून उजवीकडे पोहोचली! ही फिरकी पेचदार आट्यांनी नियमित केली तर नेम सुधारेल, आणि जे राष्ट्र अशा बंदुका प्रथम आत्मसात करील त्याला रणांगणावर मोठे वर्चस्व मिळेल, असे भाकीत त्याने १७४७ साली रॉयल सोसायटीपुढे केले.

हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता होऊन १७५० साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यावर दाखल झाला आणि १७५१ साली तिथेच निवर्तला. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांत पानिपत घडले. कंपनीने हिंदुस्थानात केवळ तराजू आणि तोफा आणल्या नव्हत्या. मोजण्याची विद्याही आणली होती. त्या विद्येचा एक आद्य पुरुष याच भूमीवर अखेरचा श्वास घेतो, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सहसा वाचायला मिळत नाही.

रॉबिन्सच्या मागे ती विद्या खंडित झाली नाही. चार्ल्स हटनने १७७५ साली वूलिच येथे तोफांवर तेच प्रयोग केले आणि एक नियम मांडला: गोळ्याचा वेग दारूच्या वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे दारू दुप्पट केली तर वेग दुप्पट होत नाही, सुमारे दीडपटीहूनही कमीच राहतो. तोही एका मर्यादेपर्यंतच. ‘जास्त दारू म्हणजे जास्त पराक्रम’ या समजुतीचे उत्तर असे एका ओळीत छापले गेले.

तीच दारू, तेच शिसे

या शोधाचे पुढचे पाऊल जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रतज्ज्ञाने टाकले. ब्रिटिश सैन्याच्या १८५३ च्या एनफील्ड बंदुकीतील दोष शोधण्याचे काम सरकारने त्याच्याकडे सोपवले. त्याने मँचेस्टरला आपल्या आवारात ५०० यार्ड लांबीचे बंदिस्त नेमदालन उभारले आणि गोळीच्या वाटेवर पातळ कागदाचे पडदे लावून तिचा मार्ग तपासला. नळीचा व्यास, आट्यांचा पीळ, गोळीची लांबी यांची परीक्षा करत तो .४५१ इंच व्यासाच्या षट्कोनी नळीपाशी पोहोचला. एनफील्डच्या नळीत आट्यांचा एक फेरा ७८ इंचांत पुरा होई, व्हिटवर्थच्या नळीत तो २० इंचांतच.

एप्रिल १८५७ मध्ये हाइथ येथे दोन्ही बंदुकांची परीक्षा झाली. गोळीचे वजन दोन्हींत ५३० ग्रेन, दारू दोन्हींत सुमारे ७० ग्रेन. ५०० यार्डांवर एनफील्डच्या गोळ्यांचे सरासरी विचलन २.२४ फूट भरले, व्हिटवर्थच्या गोळ्यांचे केवळ ०.३७ फूट. दारूचा एकही जादा कण न घालता अचूकता सहापट! तरीही व्हिटवर्थची बंदूक सैन्याने सरसकट स्वीकारली नाही. ती महाग होती आणि तिची अरुंद नळी काजळीने लवकर भरत असे. परीक्षेत एक गुण पाहून चालत नाही, हेही त्यातून दिसते.

जे मोजले गेले नाही

याच काळात हिंदुस्थानात काय घडत होते? जानेवारी १८५७ पासून कलकत्त्याजवळच्या डमडम येथे एनफील्डच्या काडतुसांविषयी शिपायांत असंतोष पसरला होता. आट्यांच्या नळीत गोळी घट्ट बसते आणि काजळी साचली की ती ठासणे कठीण होते, म्हणून काडतुसाला वंगण लागते. तांत्रिक गरज खरी होती. परंतु काडतूस दातांनी तोडण्याची पद्धत असताना त्या वंगणातील चरबी कोणत्या प्राण्याची, याची खबरदारी कंपनीने घेतली नव्हती. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले, ८ एप्रिलला ते फासावर गेले आणि १० मे रोजी मेरठ पेटले. स्वातंत्र्यसमराची कारणे अनेक आणि खोल होती. काडतूस ही केवळ ठिणगी. पण दारूचा ग्रेन अन् ग्रेन तोलणाऱ्या सत्तेने ते शस्त्र धरणाऱ्या माणसाचे मन तोलले नाही, हे निर्विवाद आहे. माणसाला वगळून घेतलेले माप अपुरेच असते.

आपला वारसा, आपले उत्तरदायित्व

आपल्याकडे या बाबतीत काहीच नव्हते, असे म्हणणे मात्र आत्मनिंदा ठरेल. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या ‘ऐन-ए-अकबरी’त, तोंडापर्यंत दारू भरली तरी न फुटणाऱ्या नळ्यांचे वर्णन आहे, लोखंडाचे वजन, कारागीर, स्थळ, तारीख आणि क्रमांक बंदुकीवर कोरण्याची पद्धतही त्यात नोंदलेली आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दर आठ-पंधरा दिवसांनी किल्ल्यावरील दारू बाहेर काढून तिला ऊन देण्याची आणि पुन्हा मोहोरबंद करून ठेवण्याची ताकीद आहे. दमट दारूचे माप खोटे ठरते, हे जाणणाऱ्या राज्यकर्त्याची ही दक्षता आहे.

कौशल्य होते, दक्षता होती, नोंदही होती. मग उणीव कुठे राहिली? ज्ञान कारागिराच्या बोटांत आणि गोलंदाजाच्या अनुभवात राहिले. छापील कोष्टक होऊन ते अनोळखी विद्यार्थ्याच्या हाती पोहोचले नाही. उस्ताद गेला की त्याची विद्या अर्धी गेली. तिकडे रॉबिन्स गेला तरी हटन होता, हटननंतर व्हिटवर्थ होता.

युद्धे कोष्टकांनी नव्हे, शौर्याने जिंकली जातात, असा आक्षेप यावर घेतला जाईल. शौर्याचे मोल कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. परंतु पानिपतावर शौर्य कमी पडले, असे कोण म्हणेल? शौर्याला मापाची जोड देणे हा शौर्याचा अवमान नसून त्याची राखण आहे. स्वतंत्र भारताने हे ओळखले. १९५८ पासून पुण्यातील शस्त्रास्त्र संशोधन प्रतिष्ठानात हेच काम चालते. ‘पिनाक’ अग्निबाण तिथेच विकसित झाला, आणि वारंवार चाचण्या घेतल्यानंतरच तो सैन्याच्या हाती गेला.

समाजाच्या पातळीवर हे भान अजून रुजायचे आहे. जुनी नळी भरून उडवून पाहणे हे कायद्याने आणि सुरक्षेच्या दृष्टीनेही अनुचित आहे. पण तिचे माप घेण्यास कोणाची आडकाठी असावी? संग्रहालयातील प्रत्येक बंदुकीच्या फलकावर ‘ऐतिहासिक बंदूक’ एवढेच न लिहिता नळीची लांबी, व्यास, वजन आणि आट्यांची संख्या लिहिलेली असावी. शाळेत संवेगाचा नियम शिकवताना रॉबिन्सचा लंबक आणि कडलूरचा किल्ला यांचा उल्लेख व्हावा. इतिहासप्रेमी तरुणांनी गडावर तोफ पाहिली, तर छायाचित्राआधी फूटपट्टी काढावी.

खंडेनवमीला शस्त्राला गंध-फूल वाहणे ही आपली परंपरा आहे आणि ती रास्तच आहे. त्या पूजेला अभ्यासाची जोड मिळाली, तर पूर्वजांच्या शस्त्रांचा गौरव शब्दांपुरता उरणार नाही. तबकातील हळद-कुंकवाशेजारी एक वही आणि एक मोजपट्टी ठेवण्यास काय हरकत आहे?