थुंकून टाकलेले औषध

दाढ काढून झाली, डॉक्टरांनी खाचेवर बोळा ठेवून 'अर्धा-पाऊण तास दाबून धरा, चोवीस तास चूळ भरू नका, थुंकू नका' असे बजावले, आणि रोगी अमरावतीच्या वा अकोल्याच्या बसस्थानकावरून दर्यापूरच्या, अकोटच्या अथवा मूर्तिजापूरच्या एस.टी.त जाऊन बसला, म्हणजे त्याच्या तोंडावरील डॉक्टरांचा अंमल संपून सोबतच्या मंडळींचा सुरू होतो. "खराब रगत हाये, थुकून टाक," हे मायेपोटी निघालेले फर्मान डॉक्टरांच्या शब्दाहून वजनदार ठरते; बोळा खिडकीबाहेर जातो, दर दोन मिनिटांनी थुंकणे चालते, आणि घरी पोचताच मिठाच्या कढत पाण्याच्या चुळा सुरू होतात. या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी एकच समजूत आहे: दात किडका होता, सबब त्याच्या खाचेतून येणारे रक्तही नासकेच असले पाहिजे. या समजुतीचे खंडन करणे मला अगत्याचे वाटते, कारण तिच्यापायी माणसे दाढदुखीहून भयंकर वेदना ओढवून घेताना मी पाहतो.

खाचेतून येणारे रक्त जबड्याच्या व हिरडीच्या रक्तवाहिन्यांतून येते आणि ते आपल्या करंगळीतील रक्ताइतकेच निर्दोष असते. काही मिनिटांत ते गोठते. ही गुठळी उघड्या हाडावर आणि मज्जातंतूंच्या टोकांवर आवरण घालते, तिच्या आश्रयाने आठवड्याभरात नवे मांस धरू लागते, आणि पुढील काही महिन्यांत ती पोकळी हाडाने भरून निघते. गुडघ्यावरची खपली कोणी शहाणा मनुष्य शुद्धीच्या नावाखाली उचकटत नाही. तोंडातील खपली मात्र आपण जोर लावून उपटून काढतो. थुंकताना, विडी ओढताना किंवा नळीने उसाचा रस पिताना तोंडात जे ओढ घेणारे बल उत्पन्न होते, ते ही कोवळी गुठळी जागची हलवण्यास पुरेसे असते. ती गेली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारा ठणका लागतो, तोंडाला दुर्गंधी येते, साध्या वेदनाशामक गोळीने भागत नाही. दंतवैद्य यास ड्राय सॉकेट म्हणतात. क्रॉफर्ड नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने 1896 साली या विकाराचे वर्णन केले, आणि खालच्या अक्कलदाढेच्या जागी तो विशेष आढळतो. घरचे लोक अशा वेळी 'डॉक्टरने दाढ नीट काढली नाही' असा निवाडा करून मोकळे होतात.

यावर कोणी विचारील की, मग तोंड अस्वच्छच ठेवायचे काय? ज्या मुलखात गाडगेबाबांनी हाती खराटा घेतला, तेथे हा प्रश्न सहज आणि प्रामाणिक आहे. उत्तर एवढेच की, मिठाच्या पाण्याशी आमचे वैर नाही, त्याच्या वेळेशी आहे. पहिला दिवस उलटला की पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, ते तोंडात हलकेच खेळवून, मान खाली करून आपोआप गळू द्यावे. जेवणानंतर प्रत्येक वेळी हे करावे. बाकीचे दात, जखमेस धक्का न लावता, पहिल्या रात्रीही घासावेत. खारपाणपट्ट्यातील गावकऱ्यांनी आपल्या विहिरीचे पाणी मुळात खारे आहे म्हणून तेच चुळीस घेऊ नये. पाणी शुद्ध, उकळून निवालेले हवे.

शेकाविषयीही असाच विपर्यास आहे. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे, थांबून थांबून, धरावा. गरम शेकाने त्या दिवशी रक्त व सूज दोन्ही वाढतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज अधिक दिसते, तेवढ्याने घाबरू नये. वरची दाढ काढल्याने दृष्टी जाते, ही भीती तर सर्वस्वी निराधार आहे: दातांची संवेदना वाहणारा मज्जातंतू निराळा, दृष्टीचा निराळा, आणि या भीतीपायी किडकी दाढ वर्षानुवर्षे सांभाळणारा मनुष्य पू जबड्यात पसरू देतो.

सर्वांत कठोर शब्द खर्ऱ्यासाठी राखून ठेवले पाहिजेत. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला हा पदार्थ वऱ्हाडात गल्लोगल्ली मिळतो, आणि 'तंबाखूने ठणका दबतो' असे सांगत दाढ काढल्याच्या संध्याकाळीच तो गालात धरणारे कमी नाहीत. तंबाखूतील निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करून जखमेचे पोषण तोडते, सुपारीचे कण खाचेत रुततात, चुना कोवळ्या मांसास भाजतो, आणि वर थुंकणे अपरिहार्य होते. म्हणजे जखमेचे जितके शत्रू, तितके एका चिमटीत एकत्र येतात. किमान आठवडाभर तरी त्यास हात लावू नये, आणि एकदा आठवडा निभावला तर पुन्हा हात लावण्याचे काही कारण उरत नाही. ताज्या खाचेत लवंगेचे तेल, हळद किंवा अ‍ॅस्पिरिनची गोळी ठेवणेही असेच घातक. ही गोळी हिरडी भाजते.

आहाराची तजवीज आपल्या घरात अगोदरच आहे. बधिरता उतरेपर्यंत काही चावू नये, कारण ओठ चावला गेल्याचे कळत नाही. मग निवलेली आंबील, ज्वारीच्या कण्या, मऊ वरणभात, ताक दुसऱ्या बाजूने घ्यावे. भाकर, ठेचा आणि चिवडा दोन-तीन दिवस दूर ठेवावेत.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास दाढ काढण्यापूर्वीच डॉक्टरांस सांगावे, ती आपल्या मनाने बंद करू नये. मधुमेह्यांनी साखर आटोक्यात आहे याची खात्री करून घ्यावी. लाळेत लाली दिसणे पहिल्या दिवशी स्वाभाविक आहे. तोंड भरून रक्त येत असेल, तर स्वच्छ ओले फडके खाचेवर ठेवून पुन्हा अर्धा तास, मध्ये एकदाही उघडून न पाहता, दाबून धरावे; तरीही थांबले नाही, तर सकाळची वाट न पाहता अमरावतीस इर्विन रुग्णालयात किंवा अकोल्यास सर्वोपचार रुग्णालयात जावे, आणि वाटेतही फडके तसेच दाबून ठेवावे.