हैदराबादच्या कातळात तेल नाही, मग आपल्याच दर्यात का?



मोबाईलवर मासळीचा अंदाज येतो तो हैदराबादच्या इन्कॉइसकडून, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच शहरात एनजीआरआय ही संस्था 1961 पासून पृथ्वीच्या पोटाचा अभ्यास करते. पण खुद्द हैदराबादखाली तेल नाही. तिथला ग्रॅनाइट सुमारे 250 कोटी वर्षांचा, तप्त रस थिजून झालेला. तेलाला लागतो गाळ, त्यात पुरलेले जीव आणि वरून हजारो मीटरचं दडपण.

ते सगळं आपल्या दर्यात जमलं. भारत एकेकाळी मादागास्कर आणि सेशेल्सला चिकटून होता. आधी मादागास्कर सुटलं, मग साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सेशेल्स. तुटताना इकडची जमीन ताणली, फाटली, खचली. खड्ड्यांत गाळ साचला, त्यातल्या जिवांचं तेल झालं. ते वर सरकत चुनखडीच्या भोकाभोकांत अडकलं. तेच मुंबई हाय. 1974 साली ‘सागर सम्राट’ने ते शोधलं. मुंबईपासून 160 किलोमीटर, पाणी जेमतेम 40 वाव.

आता मुद्दा. जमीन खचली म्हणूनच मुंबईसमोर सुमारे 300 किलोमीटर रुंद उथळ पट्टी आहे, आणि आपली मासळी तिच्यावरच पोसते. म्हणजे तेल आणि मासा एकाच घरातले. तेल उचलून दुसरीकडे नेता येत नाही, हे आम्ही मानतो. पण मासाही नेता येत नाही, हे तेलवाल्यांनीही मानायला हवं.

सर्वेक्षणाचं जहाज कित्येक किलोमीटर लांब केबल ओढत येतं, हवेचे दणके देतं आणि आपल्याला म्हणतं, बाजूला व्हा. डिझेल जाळून गेलेल्या बोटीने रिकामं परतायचं का?

आमचं म्हणणं साधं आहे. सर्वेक्षणाच्या तारखा आणि जागा महिनाभर आधी, मराठीत, प्रत्येक बंदरावर लावा. बंदी उठल्यावरचे पहिले आठवडे सोडा. फाटलेल्या जाळ्याची आणि बुडलेल्या फेरीची भरपाई द्या.

आपणही शिस्त पाळू. प्लॅटफॉर्मपासून 500 मीटरच्या आत जायचं नाही. आणि तांडेलांनो, बाजूला व्हायला सांगितलं की तारीख, वेळ, जीपीएसचा आकडा वहीत लिहा, फोटो काढा, सोसायटीत आणून द्या. नुसत्या तोंडी तक्रारीला कोणी विचारत नाही, भाऊ.

आपलं मत खाली जरूर लिहा.

– सचिव