निदानाचे यंत्र कोणाच्या मालकीचे?

दिवाळी सरली की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील कातकरी वाड्या ओस पडू लागतात. किन्हवली परिसरातील कुटुंबेच्या कुटुंबे उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. अशा माणसाला क्षय जडला, तर निदानास लागणारे दिवस हा केवळ वैद्यकशास्त्राचा प्रश्न राहत नाही. क्षयाचे जंतू कोणत्या औषधांना दाद देत नाहीत, हे जंतू वाढवून पाहण्याच्या जुन्या पद्धतीला कित्येक आठवडे लागतात. अहवाल हाती येईतो रुग्ण भट्टीवर गेलेला असतो आणि रोग त्याच्याबरोबर झोपडीझोपडीत पोहोचलेला असतो.

म्हणूनच जंतूचा डीएनए थेट वाचू पाहणाऱ्या संशोधनाकडे श्रमिकांच्या पक्षाने लक्ष देणे अगत्याचे आहे. ग्राफीन हा कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा. २०१० साली हार्वर्ड, डेल्फ्ट आणि पेन्सिल्व्हेनिया येथील संशोधकांनी त्याला काही नॅनोमीटर रुंदीचे छिद्र पाडून त्यातून डीएनएचे रेणू पार करून दाखवले. पापुद्र्याच्या दोन्ही बाजूंस क्षारयुक्त पाणी ठेवून विजेचा दाब दिला, की ऋणभारित डीएनए छिद्रातून ओढला जातो. तो जात असताना प्रवाह घटतो, आणि त्या घटीवरून रेणू ओळखता येतो. ग्राफीनची जाडी सुमारे ०.३४ नॅनोमीटर, म्हणजे डीएनएच्या लगतच्या दोन अक्षरांमधील अंतराएवढी. एकेक अक्षर वाचण्याची आशा त्यातून निर्माण झाली. परंतु रेणू अतिवेगाने निसटतो, ग्राफीनला चिकटतो, म्हणून हे तंत्र अद्याप प्रयोगशाळेतच आहे. प्रथिनांच्या छिद्रांवर चालणारी यंत्रे मात्र बाजारात आली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली औषधरोधी क्षयाच्या निदानासाठी ज्या चाचण्या मान्य केल्या, त्यांत अशा यंत्रावरील एक चाचणी आहे.

विज्ञानाची ही झेप स्वागतार्हच आहे. प्रश्न मालकीचा आहे. हार्वर्डने ग्राफीनविषयक हक्क २०११ साली ऑक्सफर्ड नॅनोपोअर या एकाच खाजगी कंपनीस दिले. विद्यापीठात फुललेले ज्ञान असे एका भागभांडवलाच्या कुंपणात जाते, आणि मग ज्याच्या खिशात पैसा त्याच्यासाठीच रोगाचे निदान होते. शहापूरच्या जनतेला हा न्याय नवा नाही. तानसा आणि भातसा धरणांचे पाणी मुंबईला जाते, आणि धरणांच्या तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. उद्या ज्ञानाच्या बाबतीतही हेच व्हायचे काय?

दुसरा मार्ग अशक्य आहे, असे कोणी सांगू नये. गोव्यात तयार झालेले, विजेरीवर चालणारे ट्रूनॅट यंत्र २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. क्षयाचे निदान ते साधारण तासाभरात करते. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ८४ सक्तीच्या परवान्याचा अधिकार देते. २०१२ साली तो वापरला गेला, तेव्हा नेक्सावर या कर्करोगाच्या औषधाचा महिन्याचा खर्च २,८०,००० रुपयांवरून ८,८०० रुपयांवर आला. कायदा आहे, तो वापरण्याची राजकीय इच्छा हवी. क्षयमुक्तीसाठी सरकारने २०२५ ची मुदत घातली होती. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा मात्र भारतातच आहे.

आमची मागणी स्पष्ट आहे. सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाचे हक्क कोणत्याही एका कंपनीला एकाधिकाराने देता कामा नयेत. निदानाची नवी साधने प्रथम ग्रामीण आरोग्य केंद्रांत आली पाहिजेत, आणि रुग्णाचा अहवाल व औषध त्याच्या मागोमाग भट्टीपर्यंत पोहोचले पाहिजे. आमच्या कार्यकर्त्यांनीही दिवाळीपूर्वी वाड्यावाड्यांत जाऊन खोकल्याने जर्जर झालेल्यांची तपासणी करवून घ्यावी आणि कोण कोणत्या भट्टीवर जाणार याची नोंद आरोग्य केंद्राच्या हाती द्यावी. ग्राफीनचे यंत्र केव्हा तयार होईल हे शास्त्रज्ञ ठरवतील. ते किन्हवलीला पोहोचेल की नाही, हे संघटित जनता ठरवील.